विश्लेषण : गोल नाकारला की रेफ्री ‘विकला’ का जातो? फुटबॉल पंचांवर दबाव येतो कुठून?

पावसाळा सुरू झाला की शालेय फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग आणि पुढे राज्य, असा हा प्रवास. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमपासून तालुक्याच्या शाळेमागच्या मैदानापर्यंत प्रत्येक सामन्यात २२ खेळाडू असतात, दोन प्रशिक्षक असतात, काठावर पालक आणि मित्र असतात. आणि मधोमध एक माणूस असतो, ज्याच्या बाजूने कोणीच नसते. गोल नाकारला की ‘रेफ्री विकला गेला’ ही पहिली आरोळी, त्यानंतर शिवी आणि कधी कधी धक्काबुक्की. हे रागाच्या भरात होते, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण पंचाच्या अंगावर जाण्याची हिंमत होते, त्यामागे स्पर्धा भरवणाऱ्या व्यवस्थेचाही हात असतो. तो कसा, ते समजून घेऊ.

महाराष्ट्र केसरीत काय घडले होते?

पंचाशी वागण्याचा प्रश्न राज्यात सर्वाधिक गाजला तो कुस्तीमुळे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ याला विजयी घोषित करण्यात आले. आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नव्हते, असा शिवराज राक्षे याचा आक्षेप होता. वाद वाढला आणि राक्षेने पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील स्पर्धेनंतर सिकंदर शेख-महेंद्र गायकवाड लढतीतील गुणांवरून पंचाला फोनवर धमकी आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले.

अहिल्यानगरची चित्रफीत राज्यभर फिरली तेव्हा समाजमाध्यमांवर दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत झाली. निर्णय बरोबर होता की चूक, हा एक प्रश्न. पंचाला लाथ मारणे चालेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘चूक’ आले तरी दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. मात्र ‘पंच चुकला होता, मग त्याला मार बसला तर काय झाले’ असा सूर अनेकांनी लावला. फुटबॉलच्या मैदानावर हाच सूर दर आठवड्याला ऐकू येतो, फक्त तिथे कॅमेरा नसतो.

कोल्हापूरचे फुटबॉल हे राज्यातले ठळक उदाहरण. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे संघ भिडतात, हजारो प्रेक्षक येतात. ही परंपरा अभिमानाची आहे. पण समर्थकांची हुल्लडबाजी, सामना थांबवावा लागणे आणि पोलीस बंदोबस्त या बातम्याही त्याच हंगामात येतात. विदर्भात एवढी गर्दी नसते. पण पंचाचे एकटेपण तेच असते.

पंच चुकतो तरी का?

पंच चुकतात, हे आधी मान्य करू. ऑफसाइडचेच पाहा. पास दिला त्या क्षणी आक्रमक खेळाडू बचाव फळीतील शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे होता का, हे ठरवायचे असते. म्हणजे एकाच क्षणी दोन ठिकाणी पाहायचे. आक्रमक सेकंदाला ७ मीटर वेगाने गोलकडे धावतोय आणि बचावपटू सेकंदाला ३ मीटर वेगाने उलट दिशेने वर येतोय, असे धरा. दोघांमधले अंतर सेकंदाला १० मीटरने बदलते. चेंडूवरची नजर बचाव फळीकडे वळायला सेकंदाचा दहावा भाग लागला, तरी चित्र एक मीटरने बदललेले असते. काठावरून ‘अर्धा मीटर मागे होता’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याचीही नजर एवढीच हळू असते.

म्हणूनच ऑफसाइड पाहायला सहायक पंच म्हणजे लाइन्समन लागतात. ते बचाव फळीच्या रेषेत पळतात. रस्त्याच्या कडेला उभे राहिले की दोन गाड्यांपैकी कोणती पुढे आहे ते दिसते, मागून पाहिले तर सांगता येत नाही. लहान स्पर्धांमध्ये प्रशिक्षित लाइन्समन नसतातच. कधी संघातला राखीव खेळाडू झेंडा घेऊन उभा राहतो, कधी तेही नाही. अशा वेळी मुख्य पंच २०-२५ मीटर मागून, कोनातून पाहून निर्णय देतो. चूक होण्याची शक्यता तिथे आधीपासूनच ठरलेली असते.

शारीरिक मागणीही मोठी आहे. फिफाच्या निकषांनुसार वरच्या पातळीवरच्या पुरुष पंचाला ४० मीटरच्या सहा दौडी प्रत्येकी ६ सेकंदांत पूर्ण कराव्या लागतात. त्यानंतर ७५ मीटर धावणे १५ सेकंदांत आणि २५ मीटर चालणे १८ सेकंदांत, असे ४० वेळा. म्हणजे चार किलोमीटर, ४०० मीटरच्या ट्रॅकच्या दहा फेऱ्या. आपल्याकडे हंगामात एकच पंच काळ्या मातीच्या चिखलात दिवसभरात तीन-चार सामने घेतो. चौथ्या सामन्यात तो चेंडूपासून लांब राहणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

गर्दीचा परिणाम पंचावर होतो का?

होतो, आणि तो मोजला गेला आहे. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० पात्र पंचांना एकाच सामन्यातील ४७ प्रसंग दाखवण्यात आले. काहींनी प्रेक्षकांच्या आवाजासह पाहिले, काहींनी आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. या पंचांना कोणी पैसे दिले नव्हते. आरडाओरडा झाला की माणूस नकळत वादाचा निर्णय टाळतो, एवढेच त्यातून दिसले. करोनाकाळात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हाही पाहुण्या संघांना मिळणाऱ्या कार्डांचे प्रमाण घटल्याचे अभ्यासकांना आढळले.

पंचावर ओरडून आपण त्याला सुधारत नाही. त्याचा पुढचा निर्णय आणखी बिघडवतो, आणि त्याचा फटका कधी ना कधी आपल्याच संघाला बसतो.

शालेय सामन्यात एवढे काय पणाला लागते?

बाहेरून पाहणाऱ्याला तो शाळेचा साधा सामना वाटतो. पण दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना क्रीडा स्पर्धेच्या पातळीनुसार सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. सुब्रतो मुखर्जी चषकासारख्या स्पर्धेत १५ वर्षांखालील मुले आणि १७ वर्षांखालील मुले-मुली जिल्ह्यातून विभागाकडे आणि तिथून राज्याकडे जातात. एका पेनल्टीवर संघ विभागाला जाणार की घरी, हे ठरते. वणी किंवा उमरखेडहून सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या संघासाठी तो हंगामातला एकमेव मोठा सामना असू शकतो. पालकांचा आवाज चढतो, तो या हिशेबाने.

त्यात भर पडते ती दुहेरी भूमिकेची. १६ तालुक्यांच्या जिल्ह्यात फुटबॉल जाणणारी माणसे मोजकी. त्यामुळे एका सामन्यात प्रशिक्षक असलेले क्रीडा शिक्षक दुसऱ्या सामन्यात शिट्टी घेऊन उभे राहतात. सर प्रामाणिक असले तरी हरलेल्या संघाला संशय घ्यायला जागा मिळते. ‘त्यांच्या शाळेला पुढे सोपा संघ हवा होता’ हा आरोप खोटा ठरवायला त्यांच्याकडे काहीच साधन नसते.

खुल्या स्पर्धांचे गणित वेगळे. कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त ‘चषक’ असतो, रोख बक्षीस असते, मंचावर पाहुणे असतात. पंचाला मानधन देणारा आयोजक आणि मैदानातल्या एका संघाचा पाठीराखा ही एकच व्यक्ती असू शकते. पंचाला पुढच्या महिन्यातही बोलावणे हवे असते. इथे शिवी देण्याचीही गरज पडत नाही, मध्यंतरातली एक ‘विनंती’ पुरते.

नियमांनी पंचाला काय अधिकार दिले आहेत?

कागदावर पंचाइतका अधिकार मैदानात दुसऱ्या कोणालाच नाही. फुटबॉलच्या नियमावलीतील पाचव्या नियमानुसार खेळाशी संबंधित घटनांवर पंचाचा निर्णय अंतिम असतो. गोल झाला की नाही, सामन्याचा निकाल काय, हेही त्यात आले. बाहेरचा हस्तक्षेप झाला तर तो सामना थांबवू शकतो, स्थगित करू शकतो, रद्दही करू शकतो.

बाराव्या नियमानुसार निर्णयाबद्दल शब्दांनी किंवा हातवाऱ्यांनी नाराजी दाखवली तर पिवळे कार्ड. अपमानकारक किंवा शिवराळ भाषा वापरली तर थेट लाल. हिंसक वर्तनालाही लाल. १९७० च्या विश्वचषकात पहिल्यांदा वापरली गेलेली ही कार्डे २०१९ पासून प्रशिक्षक आणि संघाच्या पदाधिकाऱ्यांनाही दाखवता येतात. बाकावरून शिवी आली आणि ती कोणी दिली हे कळले नाही, तर तिथे हजर असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला कार्ड मिळते. सामना सुरू होण्यापूर्वी मैदान पाहायला पंच उतरला, तेव्हापासूनच त्याला खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार असतो.

प्रेक्षकाला मात्र कार्ड दाखवता येत नाही. त्याला आवरणे हे आयोजकाचे काम आहे.

मग कार्ड खिशातच का राहते?

कारण लाल कार्ड दाखवल्यानंतरची दहा मिनिटे पंचाला एकट्याने काढायची असतात. मैदानाला कुंपण नाही, पंचांसाठी वेगळी खोली नाही, बंदोबस्त नाही. मोटारसायकल मैदानाच्या टोकाला लावलेली आणि परतीचा रस्ता त्याच गर्दीतून. अशा ठिकाणी शिवी ‘ऐकू आली नाही’ असे दाखवणे पंचाला सोयीचे वाटते. पण एका खेळाडूची शिवी खपली की दुसराही पुढे येतो. शेवटच्या दहा मिनिटांत सामना हाताबाहेर जातो, तेव्हा त्याची सुरुवात बहुधा पहिल्या दहा मिनिटांत न दाखवलेल्या पिवळ्या कार्डाने झालेली असते.

दुसरे कारण सामना अहवाल. प्रत्येक लाल कार्डानंतर पंचाने लेखी अहवाल द्यायचा असतो. कितव्या मिनिटाला, कितव्या क्रमांकाच्या खेळाडूने, नेमके काय केले किंवा काय शब्द वापरले, हे त्यात लिहायचे. शिस्तभंगाची पुढची कारवाई याच कागदावर उभी राहते. मोठ्या स्पर्धेत हा अहवाल शिस्तपालन समितीकडे जातो. लहान स्पर्धेत समितीच नसते. संध्याकाळी ‘झाले गेले विसरून जा, पोरे आहेत’ असे म्हणत हात मिळवायला लावले जाते. दुसऱ्या दिवशी तोच खेळाडू पुन्हा मैदानात असतो आणि तोच पंच शिट्टी वाजवत असतो.

आयोजक पाठीशी उभा राहिला की काय होते, हे आयएसएलमध्ये दिसले. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूत बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळेत सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला. पंच क्रिस्टल जॉन यांनी तो मान्य केला. निषेध म्हणून केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. निर्णयावर देशभर वाद झाला. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड केला, प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आणि ५ लाखांचा दंड लावला. वाद असेल तर कागदावर मांडा, मैदान सोडू नका, हा संदेश त्यातून गेला. तालुक्याच्या स्पर्धेला एवढा दंड नको, पण असाच संदेश तिथेही लागतो.

पोलिसांत गेले तर?

साध्या मारहाणीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) नुसार एक वर्षापर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. बोलीभाषेत ‘एनसी’. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. हाड मोडण्यासारखी गंभीर दुखापत झाली तर कलम ११७ लागते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणजे थप्पड, कॉलर धरणे, ढकलणे हे बहुतेक प्रकार ठाण्याच्या नोंदवहीत जाऊन थांबतात.

डॉक्टरांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, पत्रकारांसाठीही आहे. क्रीडा पंचांसाठी तसा कायदा नाही. खासगी स्पर्धेतला पंच हा लोकसेवकही नसतो, त्यामुळे लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्याचे कलम त्याच्या कामी येत नाही. शिवाय तक्रार एकट्या पंचाने द्यायची, आणि साक्षीदार म्हणून हवे असलेले आयोजक व प्रशिक्षक त्याच गावचे.

इतर देशांनी काय केले?

नेदरलँड्समध्ये डिसेंबर २०१२ मध्ये अल्मेरे येथे कुमारांच्या सामन्यानंतर झालेल्या मारहाणीत लाइन्समन म्हणून उभे राहिलेल्या रिचर्ड न्यूवनहाउझेन यांचा मृत्यू झाला. ते एका खेळाडूचे वडील होते, हौसेने झेंडा धरायला आलेले. तिथल्या महासंघाने त्या आठवड्याअखेरचे सर्व हौशी सामने रद्द केले. सहा किशोरवयीन खेळाडू आणि एका वडिलांना न्यायालयाने दोषी ठरवले.

तुर्कस्तानात ११ डिसेंबर २०२३ रोजी अंकारागुचू क्लबचे अध्यक्ष फारुक कोजा यांनी मैदानात घुसून पंच हलिल उमुट मेलर यांना ठोसा मारला. देशातील सर्व लीग सामने थांबवण्यात आले, कोजा यांच्यावर कायमची बंदी आली आणि पुढे न्यायालयाने त्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. दोन्ही ठिकाणी स्पर्धा थांबवून महासंघाने पंचाची बाजू घेतली.

इंग्लंडने छोट्या उपायांचा मार्ग घेतला. पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटे बाहेर बसवण्याचा ‘सिन बिन’ प्रयोग ३१ लीगमध्ये झाला. तिथे हुज्जतीचे प्रकार ३८ टक्क्यांनी घटले आणि २०१९ पासून तळागाळातील फुटबॉलमध्ये हा नियम सर्वत्र आला. २०२३ मध्ये हौशी लीगमधील काही पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहण्यात आले. २०२४ च्या युरो स्पर्धेत तर पंचाशी बोलण्याचा अधिकार फक्त कर्णधाराला दिला गेला, घोळका करणाऱ्यांना पिवळे कार्ड. या शेवटच्या उपायाला एक रुपयाही लागत नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

व्हीएआरची मागणी इथे गैरलागू आहे. अनेक कॅमेरे आणि वेगळी खोली लागणारी ही यंत्रणा तालुक्याला परवडणारी नाही. परवडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, ‘फक्त कर्णधार बोलेल’ हा नियम सामन्यापूर्वी दोन्ही संघांना वाचून दाखवणे. दुसरी, मैदानाच्या कडेने चुन्याची किंवा दोरीची प्रेक्षकरेषा आणि ती सांभाळणारे स्वयंसेवक. तिसरी, तीन जणांची शिस्तपालन समिती. तिची नावे स्पर्धा सुरू होण्यापूर्वी जाहीर करावीत, आणि पंचाच्या अहवालावर पुढच्या सामन्याआधी निर्णय द्यावा. चौथी, आपल्या शाळेच्या गटातला सामना त्या शाळेच्या शिक्षकाकडे न देणे. त्यासाठी शेजारच्या तालुक्यातून पंच बोलवावा लागेल, त्याचा प्रवासखर्च स्पर्धेच्या खर्चात धरावा लागेल. पाचवी, मारहाण झाली तर तक्रार पंचाने एकट्याने नव्हे, आयोजकाने संस्थेच्या नावाने देणे.

याबरोबर नवे पंच तयार करावे लागतील. राज्यात हे काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्याशी संलग्न जिल्हा संघटनांच्या मार्फत चालते. नियमांची परीक्षा, धावण्याची चाचणी आणि मग प्रत्यक्ष सामने, असा तो मार्ग. शाळा सुटल्यावर खेळ सुटलेल्या मुला-मुलींसाठी मैदानाशी नाते ठेवण्याची ती चांगली संधी आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस या मार्गाने २०१६ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सहायक पंच म्हणून पोहोचल्या. पण पहिल्याच हंगामात काठावरून आईवरची शिवी ऐकलेला १९-२० वर्षांचा मुलगा दुसऱ्या हंगामात येत नाही. तो गेला की उरलेल्या पंचावर सामने वाढतात, थकवा वाढतो, चुका वाढतात आणि शिव्याही वाढतात. हे चक्र कुठून तोडायचे, हे पंचाच्या हातात नाही.

या हंगामात आपल्या शाळेचा संघ स्पर्धेला जात असेल, तर पालकांनी आयोजकांना तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. पंच कोणत्या तालुक्याचे आहेत? लाइन्समन आहेत का? आणि लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूवर निर्णय कोण, किती वेळात घेणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर त्या मैदानावर पंच एकटा आहे असे समजा. तिथे उद्या आपल्या मुलावर अन्याय झाला तरी त्याची दाद ऐकायला कोणी नसेल.